दान कोणाचे, निर्णय कोणाचा?

सामाजिक न्यायाच्या कार्याला पैसा लागतो, हे बोलून दाखविण्यास आपण संकोचतो. सभेची जागा, पत्रकांची छपाई, कचेऱ्यांतील खेटे, पूर्णवेळ कार्यकर्त्याच्या घरची चूल, एवढ्यासाठीही चांगल्या चळवळी अडून राहतात. हा पैसा कोणी द्यावा आणि त्याचा विनियोग कोणी ठरवावा, याचा विचार आम्ही येथे न्यूयॉर्क महानगराच्या उदाहरणाने करीत आहोत.

न्यूयॉर्क आपणांस परके नाही. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, ते सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानच्या सेवेची अट. त्या साहाय्याचे मोल फार मोठे आहे. तथापि १९१७ साली बाबासाहेब बडोद्यास रुजू झाले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळेना आणि अल्पावधीतच शहर सोडावे लागले. व्यक्तीला वर उचलणारे साहाय्य आवश्यकच असते. परंतु तिला खाली ढकलणारी व्यवस्था बदलावयाची तर संघटित कार्यालाही साहाय्य हवे. १९२४ साली मुंबईत स्थापन झालेली बहिष्कृत हितकारिणी सभा हे त्याच दिशेचे पाऊल होते.

त्याच न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली ‘नॉर्थ स्टार फंड’ सुरू झाला. नॉर्थ स्टार म्हणजे ध्रुवतारा. गुलामगिरीतून निसटणारे कृष्णवर्णीय रात्री त्याच्या आधारे उत्तरेची वाट धरीत. फ्रेडरिक डग्लस यांनी १८४७ साली आपल्या वृत्तपत्रास हेच नाव दिले होते. भाडेकरू, स्थलांतरित, अल्पवेतनी कामगार अशांच्या लहान संघटनांना हा निधी अनुदान देतो. त्याचे वैशिष्ट्य असे की, अनुदानाची निवड देणगीदारांच्या मर्जीवर सोडलेली नाही. शहरात प्रत्यक्ष काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या समितीकडे ती सोपविलेली असते. ज्या गटाची स्वतंत्र नोंदणी नाही, त्याला अमेरिकेत एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या आश्रयाने अनुदान स्वीकारता येते.

याचे महत्त्व काय? इमारतीवर दात्याच्या नावाची पाटी लागते. भाडेकरूंच्या बैठकीवर लागत नाही. म्हणून इमारतीला दाता मिळतो आणि बैठक उपेक्षित राहते. वस्तीत राहणाऱ्याला मात्र त्या बैठकीची निकड कळते. अर्थात समितीतही आपपरभाव शिरू शकतो. म्हणून स्वतःच्या संघटनेचा अर्ज असेल तेव्हा सदस्याने बाजूला व्हावे आणि हिशेब खुला असावा. शिवाय अनुदान आज आहे, उद्या नसेल. सभासदांची वर्गणी कितीही अल्प असो, ती थांबता कामा नये.

आपल्या परंपरेला हा विचार नवा नाही. विनयानुसार संघाला दिलेले दान कोणा एका भिक्खूच्या मालकीचे होत नाही. संघाचे निर्णय संघापुढे ज्ञप्ती मांडून होतात. दात्याचे पुण्य त्यामुळे उणे होत नाही.

आमचे माजी विद्यार्थी आज ठिकठिकाणी स्थिरावले आहेत आणि समाजासाठी निधी उभारण्याची इच्छा बाळगून आहेत. त्यांनी, तसेच पालकांनी व समाजबांधवांनी, प्रत्येक निधीविषयी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. ज्यांच्यासाठी निधी आहे, त्यांच्यापैकी किती जण निर्णयाच्या बैठकीत बसतात? लहान कामापर्यंत पैसा वेळेवर पोहोचतो काय? हिशेब सर्वांसमक्ष वाचला जातो काय? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळतील, तेथे घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही.