परसातील कोंबड्यांचे शिकारी प्राण्यांपासून संरक्षण

गोव्यातील सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांत आणि घाटावरील खानापूर तालुक्यात, रानाच्या कडेला वसलेल्या खेड्यांतून परसात आठ-दहा गावठी कोंबड्या पाळण्याची चाल फार जुनी आहे. या कोंबड्यांना विकतचे खाद्य फारसे लागत नाही. घरातील उष्टे-खरकटे, सांडलेले दाणे, शेणकईतील किडे यांवर त्यांचे पोट भरते. अंड्यांचे आणि विकलेल्या कोंबड्यांचे पैसे बहुधा घरातील स्त्रीच्याच हाती राहतात व तिची बाजाराची, औषधाची, मुलांच्या वह्या-पुस्तकांची नड त्यातून भागते. एका रात्रीत खुराड्यातील चार कोंबड्या मारल्या गेल्या, तर ही सारी मिळकत बसते. त्यांत अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी असेल, तर तिच्याबरोबर पुढची पिलेही गेली असे समजावे.

असे नुकसान झाले की प्रथम राग येतो तो मुंगसावर, आणि मग फासकी लावणे, मांसात विष कालवून ठेवणे असे उपाय सुरू होतात. हे उपाय कायद्याच्या विरुद्ध आहेतच, शिवाय निरुपयोगीही आहेत. एक प्राणी मेला तरी खुराड्याचे भोक तसेच राहते, आणि काही दिवसांत दुसरा प्राणी त्याच भोकातून आत येतो. म्हणून शिकारी प्राण्याच्या मागे न लागता खुराड्याच्या मागे लागावे. तेथे घेतलेले श्रम वाया जात नाहीत.

कोंबडीपालनावरील परदेशी पुस्तकांत स्कंक, रॅकून अशा प्राण्यांपासून सावध राहण्याचा इशारा असतो. हे अमेरिका खंडातील प्राणी होत. आपल्याकडे ते नाहीत. आपले चोर वेगळे आहेत आणि त्यांच्या खोडीही वेगळ्या आहेत.

चोर कोण, हे ओळखणे

नुकसान दिवसा झाले की रात्री, हा पहिला प्रश्न. मुंगूस हा दिवसा हिंडणारा प्राणी आहे. रात्री बंद खुराड्यातील कोंबडी मेली असेल, तर बहुतेक वेळा मुंगसाचा त्याच्याशी संबंध नसतो. दिवसाच्या उजेडात कुंपणाकडेला चरणारे पिलू किंवा झुडपात घातलेली अंडी तो नेतो, हे मात्र खरे. पिले उचलणाऱ्यांत घार, शिक्रा आणि कावळा हे दिवसाचेच चोर होत. घोरपडही दिवसाच अंड्यांच्या शोधात फिरते.

रात्रीचा मुख्य चोर म्हणजे उदमांजर, ज्याला काही भागांत कांडेचोर म्हणतात. ते उत्तम चढते, कौलारू घरांच्या माळ्यावर बिऱ्हाड करते आणि खुराड्याचे कौल सरकले असेल तर वरून आत उतरते. बंद जागेत कोंबड्या घाबरून फडफडू लागल्या की ते एकीवर थांबत नाही. सकाळी मान व डोके चावलेल्या दोन-तीन कोंबड्या तशाच पडलेल्या आढळतात. जवळपास पडलेल्या त्याच्या विष्ठेत फळांच्या बिया असतात, कारण त्याचे बरेचसे पोट फळांवरच भरते. रानमांजर आणि कोल्हा यांची रीत निराळी आहे. ते सहसा एक कोंबडी उचलून नेतात आणि मागे पिसांची वाट तेवढी उरते. अनेक कोंबड्या फाडलेल्या व न खाता टाकलेल्या असतील, तर प्रथम गावातील मोकाट कुत्र्यांचा संशय घ्यावा. रानातील जनावरांच्या नावावर खपणारे पुष्कळसे नुकसान या कुत्र्यांनीच केलेले असते, असे आमचे मत आहे.

धामण किंवा नाग अंडी व लहान पिले सबंध गिळतो. त्यामुळे ना टरफल उरते, ना पीस, ना रक्ताचा डाग. सकाळी मोजणीत तेवढी तूट दिसते. घूस व उंदीर पिलांचे पाय-पोट कुरतडतात आणि त्यांना बिळाच्या तोंडापर्यंत ओढून नेतात.

शंका उरल्यास एक सोपा उपाय आहे. संध्याकाळी खुराड्याच्या दारापुढे चुलीची चाळलेली राख दोन-अडीच हात रुंदीवर पातळ पसरावी आणि सकाळी उजेड होताच पाहावी. मांजराच्या जातीच्या पावलांत चार बोटे उमटतात व नखे दिसत नाहीत. कुत्रा व कोल्हा यांच्याही पावलांत चारच बोटे, पण पुढे नखांच्या खुणा असतात. उदमांजर व मुंगूस यांना पाच बोटे असतात. सापाचा माग नागमोडी पट्ट्यासारखा दिसतो. शाळेतील मुलांना हे काम फार आवडते. शिक्षकांनी परिसर-अभ्यासात ते जरूर घ्यावे.

अंगावर कोणतीही जखम नसताना एकामागून एक कोंबड्या मरत असतील, तर तो शिकारी प्राण्याचा प्रकार नव्हे. तो रोग आहे. अशा वेळी मेलेल्या कोंबड्यांना हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तात्काळ कळवावे.

खुराडे कसे असावे

कोंबडीला अंधारात जवळजवळ काहीच दिसत नाही. दिवसा ती पळते, उडते, ओरडून इतरांना सावध करते. रात्री मात्र ती दांडीवर निमूट बसून राहते. म्हणून रात्रीचे संरक्षण पूर्णपणे मालकाने करावयाचे असते. आंब्याच्या फांदीवर किंवा गोठ्याच्या आढ्यावर कोंबड्या बसू देण्याची सवय जुनी असली, तरी चढणाऱ्या जनावरांपुढे ती सुरक्षित नाही.

दहा कोंबड्यांसाठी रात्रीच्या वस्तीपुरते ४ फूट लांब व ३ फूट रुंद खुराडे पुरते. ते जमिनीपासून २ ते ३ फूट उंच खांबांवर उभारावे. खांबांना मधोमध गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळल्यास उंदीर व साप यांना वर चढणे अवघड जाते. बाजारात कोंबड्यांची जाळी म्हणून जी षटकोनी घरांची बारीक तारेची जाळी मिळते, ती कोंबड्यांना आत ठेवते, पण जनावराला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दाताने फाडतो आणि लहान साप तिच्या घरांतून सहज आत येतो. तिच्याऐवजी अर्धा इंच घरांची, जस्ताचा मुलामा दिलेली, जोड पक्के केलेली जाळी वापरावी. ती महाग पडते, हे खरे. संपूर्ण खुराड्याला परवडत नसेल, तर खालच्या दोन फुटांना आणि हवेच्या झरोक्यांना तरी तीच लावावी व उरलेल्या भागास फळ्या ठोकाव्यात. खुराडे सर्व बाजूंनी गच्च बंद करू नये. कोंदट हवेत विष्ठेचा उग्र वायू साठतो आणि कोंबड्यांच्या श्वासनलिकेस अपाय होतो.

खुराडे जमिनीवरच बांधावयाचे असेल, तर खालून उकरून येणाऱ्या जनावराचा विचार करावा लागतो. मऊ जमिनीत जाळी एक फूट खोल पुरतात. आपल्याकडील चिऱ्याच्या खडकाळ जमिनीत ते साधत नाही. अशा ठिकाणी जाळी भिंतीच्या पायथ्यापासून बाहेरच्या अंगाने जमिनीवरच दीड फूट आडवी पसरावी, भिंतीशी पक्की बांधावी आणि तिच्यावर दगड रचावेत. जनावर भिंतीला लागूनच उकरू लागते व जाळी आडवी आली की सोडून देते. मागे सरून दुसरीकडून खणावे, हे त्याला सहसा सुचत नाही.

छपराकडे फार थोडे लोक लक्ष देतात. मंगलोरी कौले नुसती बसवलेली असतात आणि उदमांजर ती सहज सरकवते. कौलांच्या खाली वाशांना जाळी ठोकली की हा मार्ग बंद होतो. दाराला नुसती दोरी किंवा साधी कडी पुरत नाही. कडीत खिळा अडकवण्याची सोय असावी. दार व उंबरा यांच्यामध्ये बोटभर फट असेल तर उंदीर येतो, आणि उंदरामागून साप येतो.

हा दुसरा मुद्दा विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. खुराड्यात सांडलेल्या दाण्यांवर उंदीर पोसतात व उंदरांच्या वासाने धामण व नाग तेथे येतात. म्हणून उरलेले दाणे संध्याकाळी उचलावेत, आणि सरपणाचा ढीग, नारळाची सोडणे, झावळ्या व दगडांची रास खुराड्यापासून निदान दहा फूट दूर ठेवावी. अंडी काढताना अंधाऱ्या कोपऱ्यात एकदम हात घालू नये. विजेरीने आधी पाहावे. अंडी खाण्यासाठी आत शिरलेल्या नागाचा दंश घरातील बाईला किंवा मुलाला होणे, हे चार कोंबड्या जाण्याहून कितीतरी मोठे संकट आहे. साप दिसल्यास त्याला न डिवचता वनखात्यास कळवावे. दंश झाल्यास मंत्र-तंत्रात वेळ न दवडता रुग्णास थेट रुग्णालयात न्यावे.

दिवसाची राखण आणि पिले

तिन्हीसांजेला मूठभर दाणे ठराविक हाक देऊन खुराड्यातच टाकावेत. आठवडाभरात कोंबड्या आपण होऊन आत येऊ लागतात. दार लावण्यापूर्वी त्या मोजाव्यात. सकाळी दार नऊच्या सुमारास उघडावे. कोंबड्या बहुतेक अंडी सकाळच्या वेळी घालतात; त्या तोपर्यंत आत राहिल्या, तर अंडी काजूच्या रानात हरवत नाहीत आणि मुंगसालाही निमंत्रण जात नाही. खुडूक कोंबडीला २१ दिवस घरातच, डालग्याखाली किंवा बंद खोलीत बसवावे.

पिलांचे पहिले चार आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. या काळात पिले आईसह मोठ्या डालग्याखाली किंवा लहान कुंपणात ठेवावीत. घार व कावळा यांच्यासाठी वरून आच्छादन हवे. किनाऱ्याकडील गावांत मासेमारीची जुनी जाळी सहज मिळते, तिचा येथे चांगला उपयोग होतो. मात्र ती ताणून उंचावर बांधावी. जमिनीवर लोंबणाऱ्या जाळीत साप व पक्षी अडकून मरतात, आणि अडकलेला साप सोडवणे हे जोखमीचे काम आहे. मोठ्या कोंबड्यांना दिवसा लपण्यासाठी परसात अडुळशासारखी दाट झुडपे असावीत. कळपात एक गावठी कोंबडा ठेवावा. घारीची सावली दिसताच तो इशारा देतो. नवी जात आणताना तिच्या रंगाचाही विचार करावा. पांढरी कोंबडी दुरूनच नजरेस पडते. हैदराबाद येथील संशोधन संस्थेने परसासाठी तयार केलेली वनराजा ही जात अनेकरंगी पिसांची आहे, त्यामागे हाही एक हेतू आहे.

विष आणि फासकी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकार या शब्दाचा अर्थ व्यापक आहे. मारण्याबरोबरच पकडणे, फासकीत अडकवणे व विष घालणे हेही त्यात येते. मुंगूस, उदमांजर, रानमांजर, कोल्हा व घोरपड या सर्वांना कायद्याचे संरक्षण आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतरही ते कायम आहे. ग्रामपंचायतींनी ही गोष्ट ग्रामसभेत समजावून सांगावी. विषारी आमिष गुराख्याचा कुत्रा खातो, गिधाडे व घारी खातात, कधी घरचेच मूल त्याला हात लावते. खुराड्याभोवती विजेची तार सोडणे तर माणसाच्या जिवावर बेतते. फिनेल, लसूण इत्यादींच्या वासावरही भरवसा ठेवू नये. पहिल्याच सरीत तो धुऊन जातो.

मुंगूस परसात येते ते मुख्यतः उंदीर, किडे आणि सापांसाठी. ते नाहीसे झाले की उंदीर वाढतात. कोपऱ्यात सापडलेल्या कोणत्याही रानटी प्राण्याला हाताने धरू नये. चावा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीज-प्रतिबंधक लस सुरू करावी.

आपल्याकडील पावसात लाकूड कुजते, खिळे गंजतात आणि जाळी कडेने सुटते. म्हणून मृगापूर्वी एकदा आणि चतुर्थी झाल्यावर पुन्हा एकदा, दिवसाउजेडी आत डोके घालून खुराडे पाहावे. दार लावल्यावर जेथून उजेड आत येतो, त्या प्रत्येक फटीत बोट घालून पाहावे. जेथे बोट जाते, तेथे त्याच दिवशी जाळीचा तुकडा ठोकावा.