मिस्त्री घरात येण्याआधी दोन पानं लिहा

आमच्या बाथरूमचं काम संपून दोन महिने झाले आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या छताला ओल आली होती, रंगाचे पापुद्रे सुटत होते. कंत्राटदाराला बोलावलं. त्याने नहाणी ट्रॅपच्या कडेने बोट फिरवलं आणि म्हणाला, "ताई, आपलं लादीचं बोलणं झालं होतं. वॉटरप्रूफिंगचं नाही." आमच्याकडे पुरावा म्हणून वहीचं एक पान होतं: 'बाथरूम, विथ मटेरियल, 1,40,000.' ती लादी पुन्हा फोडून, कोबा करून, परत लावायला ₹48,000 गेले. खालच्या घराचा रंग वेगळा.

म्हणून हे कळकळीने लिहिते आहे. तोंडी करार बेकायदा नसतो. 1872 च्या भारतीय करार कायद्यात तो बसतो. पण काय ठरलं होतं हे सिद्ध कसं करणार? लेखी कराराला लागणारा खर्च घरातल्या एका कपाटाच्या हँडलांइतका आहे. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून बहुतेक ठिकाणी ₹100 च्या मुद्रांकाऐवजी ₹500 चा मुद्रांक लागतो. कामाची रक्कम मोठी असेल तर शुल्कही रकमेप्रमाणे वाढतं, ते वकिलाला किंवा मुद्रांक विक्रेत्याला विचारून घ्या. अशा कराराची नोंदणी करावी लागत नाही. मुद्रांकाविना लिहिलेला कागदही फेकून देऊ नका. तो पुराव्यात दाखल करताना शुल्क आणि दंड भरावा लागतो, इतकंच. बाकी खर्च आहे तो दोन संध्याकाळींचा.

त्या दोन संध्याकाळींतली एक पूर्ण संध्याकाळ कामाच्या वर्णनावर घालवा. काम उक्तं दिलंय की मोजमापावर, हे पहिल्या ओळीत आलं पाहिजे. उक्तं असेल तर एकूण रकमेत काय काय धरलं आहे ते खोलीनुसार लिहा. बाथरूमपुढे नुसतं 'लादी' लिहू नका. जुनी लादी काढणं, डेब्रिज खाली नेणं, वॉटरप्रूफिंग, कोबा, उतार, पाणी भरून 48 तास चाचणी, मग लादी, असा क्रम लिहा. चाचणी म्हणजे नहाणीचं तोंड बंद करून पाणी साठवायचं आणि खालच्या घरात जाऊन छत बघायचं. ही चाचणी लादी लावण्याआधी झाली पाहिजे, नंतर तिचा उपयोग उरत नाही.

मोजमापावर काम असेल तर भांडण मापाच्या पद्धतीवरून होतं, दरावरून क्वचितच. रंग आणि प्लास्टरच्या मापात दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही? कपाट समोरून रुंदी गुणिले उंची मोजायचं, की आतले कप्पेही धरायचे? वरचा लॉफ्ट कपाटाच्या दरात की वेगळा? स्कर्टिंग रनिंग फुटाने की चौरस फुटाने? प्रत्येकाचं उत्तर एका ओळीत मावतं. ती ओळ नसली की बिलात हजारोंचा फरक पडतो.

सामानाचा नुसता 'चांगल्या कंपनीचं' असा उल्लेख कधीही मान्य करू नका. प्लायवुडवर आयएस मानकाचा शिक्का असतो. सिंकखालच्या आणि ओल्या जागेला आयएस 710, म्हणजे मरीन प्लाय, बाकी ठिकाणी आयएस 303, असं करारातच लिहा. शीट घरात आली की लॅमिनेट चिकटवण्याआधी शिक्क्याचा फोटो काढा, कारण नंतर आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. लादीचा हिशोबही आधीच मांडा. 400 चौरस फूट जागा, 10 टक्के तुटफूट धरून 440. दोन बाय दोनच्या 110 लाद्या. चारचा बॉक्स असेल तर 28 बॉक्स. उरलेले बॉक्स कोणाचे, कमी पडले तर पैसे कोणाचे, हेही लिहून ठेवा.

आता पैसे. माझं ठाम मत आहे की घरमालकाचं खरं संरक्षण त्याने अजून न दिलेल्या पैशांत असतं. करार ते पैसे कामाशी बांधून ठेवतो. ₹6,00,000 चं काम धरा. सुरुवातीला उचल ₹60,000. तोडफोड आणि पाण्याची चाचणी झाल्यावर ₹1,50,000. लादी, प्लंबिंग आणि वायरिंग पूर्ण झाल्यावर ₹1,50,000. सुतारकामानंतर ₹1,20,000, रंगानंतर ₹60,000. राहिलेले ₹60,000 ताबा घेतल्यावर एक महिन्याने, घरात राहून नळ, गटारं, सगळी बटणं वापरून पाहिल्यावर. हप्ता तारखेला बांधू नका, पूर्ण झालेल्या कामाला बांधा. सामानासाठी मोठी उचल लागते असं कंत्राटदार म्हणाला तर ते बऱ्याचदा खरंच असतं. अशा वेळी दुकानदाराला पैसे तुम्ही थेट द्या आणि बिल तुमच्या नावावर घ्या. रोख टाळा, यूपीआय किंवा चेक वापरा.

उशीर झाला तर रोज किती, तेही लिहा. समजा दिवसाला ₹500. न्यायालय लिहिलेल्या रकमेपर्यंत वाजवी भरपाई देतं, म्हणून अवाच्या सवा आकडा घालून काही मिळत नाही. उशिराची कारणं मात्र दोन्ही बाजूंची असतात. आपणच मध्यावर ओट्याचा ग्रॅनाइट बदलतो, स्विचबोर्ड सरकवायला सांगतो आणि वर मुदत पाळली नाही म्हणून रागावतो. तेव्हा बदलासाठी एक नियम ठेवा: जादा काम, त्याची किंमत आणि वाढलेले दिवस व्हॉट्सॲपवर लिहून दोघांनी 'मान्य' म्हटल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही. यात कंत्राटदाराचंही भलं आहे. त्याने केलेलं जादा काम बुडत नाही.

जीएसटीचा धक्का बहुतेकांना शेवटच्या बिलात बसतो. अशा कामावर दर 18 टक्के, म्हणजे सहा लाखांवर ₹1,08,000. दर 'सर्व करांसह' आहे की 'कर वेगळा', हे आधी ठरवा. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या कंत्राटदाराला नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसेल तर त्याला तुमच्याकडून जीएसटी घेताही येत नाही. नोंदणी क्रमांक 15 अंकाक्षरांचा असतो. महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो, गोव्यातला 30 ने. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो फुकट तपासता येतो.

सोसायटीची परवानगी, अनामत, कामाच्या वेळा, डेब्रिज उचलण्याचा खर्च आणि कामगाराला इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, यांना एकेक ओळ द्या. वॉटरप्रूफिंगची हमी किती वर्षं आणि त्यात लादी परत लावण्याचा खर्च धरला आहे का, ही ओळ तर मी आता सर्वांत आधी लिहिते.

एवढं करूनही बिनसलं तर आधी लेखी नोटीस द्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि वकील सक्तीचा नाही. कामापोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, पाच ते दहा लाखांना ₹200. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. तिथे तुम्हाला पहिल्यांदा विचारतील ते काय ठरलं होतं, ते कुठे लिहिलं आहे हेच. कराराच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत कंत्राटदाराला त्याच दिवशी द्या.