इंटरनेटचं जनरल रजिस्टर कोणाच्या कपाटात?



पाचवीच्या वर्गात संगणकाविषयी सांगत होते. फळ्यावर एका संकेतस्थळाचं नाव लिहिलं आणि म्हटलं, "संगणकाला नाव कळत नाही, आकडे कळतात." मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "बाई, मग कोणत्या नावाचा कोणता आकडा, ही वही कोणाकडे असते?"

प्रश्न साधा, पण यावर जगातले देश आजही एकमत नाहीत. म्हणून हा लेख.

वही एकच का हवी?

आपल्या शाळेत जनरल रजिस्टर असतं. एका मुलाला एक नंबर. समजा, दोन रजिस्टरं निघाली आणि एकच नंबर दोन मुलांना गेला, तर दाखले देताना केवढा घोळ होईल! इंटरनेटचंही तसंच आहे. एकाच नावाचे दोन पत्ते निघाले तर बँकेचं पान उघडायला जाल आणि भलतीकडेच पोहोचाल.

सुरुवातीला ही यादी म्हणजे खरोखरच एक फाइल होती. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा. संगणक वाढले, यादी आवरेना. मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टीम, म्हणजे डीएनएस, तयार केली. यात काम वाटून दिलेलं आहे. सगळ्यात वरच्या 'रूट' यादीत फक्त एवढंच असतं: '.इन' कोणाकडे, '.कॉम' कोणाकडे. पुढचं ते ते सांभाळतात. आपलं '.इन' निक्सी ही भारतीय संस्था सांभाळते.

मग वरची यादी कोणाची?

आधी हे काम कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ जॉन पोस्टेल बघायचे. जानेवारी १९९८ मध्ये त्यांनी रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना सांगितलं, यादी माझ्या संगणकावरून घ्या. आठ जणांनी ऐकलंसुद्धा! अमेरिकन सरकारने हरकत घेतली आणि सगळं पूर्ववत झालं. त्याच वर्षी आयकॅन ही ना-नफा संस्था स्थापन झाली, पण देखरेख अमेरिकेच्या वाणिज्य खात्याची राहिली. आमच्या देशाच्या नावावर दुसऱ्या सरकारची नजर का, असं इतर देश विचारत राहिले. शेवटी १ ऑक्टोबर २०१६ ला तो करार संपला. आता आयकॅनमध्ये तंत्रज्ञ, कंपन्या, वापरकर्ते आणि सरकारं एकत्र बसतात. सरकारांचं काम मुख्यतः सल्ला देण्याचं. पण संस्था आजही कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली आहे, म्हणून वाद मिटलेला नाही.

काही देश म्हणतात, हे काम संयुक्त राष्ट्रांकडे द्या, प्रत्येक देशाला एक मत मिळेल. म्हणणं चुकीचं नाही. पण ते मत सरकारचं असेल, तुमचं-माझं नाही.

खरी परीक्षा

२०२२ मध्ये रशियाने हल्ला केल्यावर युक्रेनने आयकॅनला विनंती केली, रशियाचं '.आरयू' यादीतून काढा. आयकॅनने नकार दिला. आम्ही तटस्थ आहोत, शिक्षा करणं आमचं काम नाही, असं त्यांचं म्हणणं.

मला विचाराल तर, मन युक्रेनकडे ओढ घेतं, तरी नकार योग्यच वाटतो. वडिलांनी शाळेत येऊन भांडण केलं म्हणून आपण मुलाचं नाव जनरल रजिस्टरमधून खोडत नाही. आज योग्य कारणासाठी खोडलं, तर उद्या चुकीच्या कारणासाठी खोडायला हात कचरणार नाही. म्हणून वही एकच असावी, पण किल्ली एकाच हातात नसावी.

यात आपलं काय, असं वाटेल. कितीतरी वर्षं संकेतस्थळाचं नाव फक्त रोमन अक्षरांत लिहिता यायचं. २०१४ मध्ये देवनागरी '.भारत' सुरू झालं आणि मराठीत नाव घेता येऊ लागलं. कोणत्या लिपीला जागा मिळणार, हेही त्या वहीपाशीच ठरतं!

वर्गात करून पाहा

चार गट करा: सरकार, कंपनी, तंत्रज्ञ, वापरकर्ते. युक्रेनची विनंती त्यांच्यासमोर ठेवा. प्रत्येक गटाने निर्णय आणि त्याचं कारण सांगायचं. आपण मध्ये बोलायचं नाही. पालकांनो, घरी जेवताना हाच प्रश्न विचारून बघा. मुलं काय म्हणाली, ते जरूर कळवा.