गृहकर्जाची फी: भरण्याआधी काय विचारायचं, परत कशी मागायची

पुण्याजवळच्या भूगावात घर घेणाऱ्या बहुतेकांना व्याजदर तोंडपाठ असतात. पाव टक्क्यासाठी चार बँकांना फोन होतात. पण कर्ज हाती पडण्याआधीच जे पैसे जातात, त्यांची चौकशी फारसं कुणी करत नाही. लॉगिन फी, प्रोसेसिंग फी, लीगल, व्हॅल्युएशन आणि वर १८ टक्के जीएसटी. कर्ज नामंजूर झालं की मग विचारणा सुरू होते, यातलं काही परत मिळेल का? ते पैसे भरायच्या दिवशीच ठरलेलं असतं, असं मी आता ठामपणे म्हणेन. आम्ही इथे रिसेलचा फ्लॅट घेतला. त्यानंतर सोसायटीतल्या बऱ्याच जणांच्या कर्जाच्या फायली मी पाहत आले. त्यातून कळलेलं लिहिते आहे.

१. लॉगिन फी वेगळी, प्रोसेसिंग फी वेगळी

फाइल जमा करताना घेतात ती लॉगिन फी. ती थोडी असते आणि सहसा परत मिळत नाही. प्रोसेसिंग फी कर्जाच्या रकमेवर ठरते. ५० लाखांवर अर्धा टक्का धरला तर २५,००० आणि जीएसटीसह २९,५००. काही ठिकाणी दोन्ही एकदमच मागतात. तसं द्यायचं नाही. ‘आत्ता लॉगिन फी घ्या, बाकीची मंजुरीनंतर’ असं सरळ सांगायचं. आमचा एजंट म्हणाला, ‘मॅडम, सगळी भरलीत तर फाइल पटकन पुढे जाईल.’ मी लॉगिन फीचाच चेक दिला. फाइल अडली नाही.

समोरच्या विंगमधल्या एका कुटुंबाने मात्र ४० लाखांच्या कर्जासाठी २३,६०० रुपये आधीच भरले होते. कर्ज नाकारलं गेलं आणि पुढचे कित्येक आठवडे त्यांना ‘नॉन-रिफंडेबल’ हा एकच शब्द ऐकायला मिळाला. त्यांचं पुढे काय झालं ते तिसऱ्या मुद्द्यात सांगते.

२. आधी इमारतीचे कागद, मग चेक

भूगावात ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. इथे पगार उत्तम, सिबिल उत्तम, आणि तरी कर्ज नाही, असं घडतं. अडचण माणसाची नसते, इमारतीची असते. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) ३१ मार्च २०१५ रोजी स्थापन झालं. त्याआधीच्या इमारतींना एनए (अकृषक) आणि बांधकामाची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यावी लागे. काहींनी ती घेतली, काहींनी ग्रामपंचायतीच्या कागदावरच मजले चढवले. घरपट्टीची पावती आणि नमुना आठचा उतारा दाखवून ‘सगळं क्लिअर आहे’ म्हणणारे मालक पौड रोडला आजही भेटतात. घरपट्टी भरली म्हणून बांधकाम मंजूर ठरत नाही.

आम्ही आधी पाहिलेल्या फ्लॅटचं असंच झालं. कर्ज देणाऱ्या संस्थेचा व्हॅल्युअर आला. भिंती, खिडक्या मोजून झाल्यावर त्याने मंजूर नकाशाची झेरॉक्स जेवणाच्या टेबलावर पसरली, चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवले आणि सेक्शनच्या चित्रावर खालून वर बोट नेत मजले मोजले. मग मान वर करून म्हणाला, ‘मॅडम, नकाशात पार्किंगवर चारच मजले आहेत. आपण पाचव्यावर बसलोय.’ घरमालक काही बोलले नाहीत. आमचं ते कर्ज नामंजूर झालं.

म्हणून फी भरण्याआधी सातबारा, फेरफार, एनए आदेश, मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला मागून घ्या. मालक ‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणाले तर चेकही पुढच्या आठवड्यातच. याहून सोपा उपाय म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारायचं, ‘आपल्याच बिल्डिंगवर कुठल्या बँकांची कर्जं चालू आहेत?’ एखाद्या बँकेच्या वकिलाने त्याच जमिनीचा सर्च पौडच्या दुय्यम निबंधक कार्यालयात आधीच घेतलेला असेल, तर त्या बँकेत लीगलवर अडकण्याची शक्यता कमी होते. एकाच वेळी पाच ठिकाणी अर्ज टाकण्यापेक्षा हे बरं. प्रत्येक अर्जाची चौकशी क्रेडिट रिपोर्टमध्ये नोंदली जाते.

३. परताव्याची अट लेखी घ्या

रिझर्व्ह बँकेची २००३ सालची न्याय्य व्यवहार संहिता आहे. कर्ज नाकारलं गेलं तर फीपैकी किती रक्कम परत मिळेल, हे बँकेने अर्जातच लिहावं, असं त्यात म्हटलं आहे. २००७ मध्ये हा नियम सगळ्या प्रकारच्या कर्जांना लागू झाला. म्हणजे ‘परत मिळणार की नाही’ हे काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीवर नाही. अर्जाची संपूर्ण प्रत मागा. सहीचं पान तेवढं देऊन बोळवण करतात.

समोरच्या कुटुंबाकडे अर्जाची प्रतच नव्हती. आम्ही ईमेल करून ती मागवली. आतल्या पानावर बारीक अक्षरात ओळ होती की, मंजुरी न मिळाल्यास लॉगिन फी वजा करून उरलेली रक्कम परत केली जाईल. ती ओळ अधोरेखित करून तक्रार अर्जाला जोडली आणि पैसे खात्यात आले.

१ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ही द्यावं लागतं. बँक असो वा गृहवित्त कंपनी, सगळ्यांना. सगळी फी, तिऱ्हाइताकडे जाणारे पैसे आणि या सगळ्यासह पडणारा वार्षिक दर त्यात असतो. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं, म्हणजे मराठीतही मागता येतं. विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. त्यात नसलेली फी तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

४. लीगल-व्हॅल्युएशनच्या पावत्या मागा

कर्ज नाकारलं तरी वकील आणि व्हॅल्युअर यांनी काम केलेलं असतं. त्यांचे पैसे परत मागणं मला योग्य वाटत नाही. पण किती गेले हे कळायलाच हवं. असे पैसे कर्ज देणारी संस्था वसूल करत असेल तर प्रत्येक रकमेची पावती कर्जदाराला द्यावी, असं रिझर्व्ह बँकेच्या की फॅक्ट स्टेटमेंटबाबतच्या नियमांत आहे. आम्ही पावत्या मागितल्या तेव्हा घेतलेल्या रकमेपेक्षा खर्च कमी निघाला. वरचे पैसे जीएसटीसकट परत मिळाले. ‘जीएसटी सरकारकडे गेला, तो येत नाही’ असं ऐकवतात, पण फी परत करताना क्रेडिट नोट काढून करही परत देण्याची सोय कायद्यात आहे.

५. एजंटाच्या खात्यावर एक रुपयाही नको

फी बँकेच्या किंवा कंपनीच्या नावाने, चेकने किंवा त्यांच्या अधिकृत लिंकवर. फोनवर ‘कर्ज मंजूर झालंय, फाइल चार्ज पाठवा’ म्हणून कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे मागितले तर ती फसवणूक समजा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा. तिथे परतावा नसतो, पोलीस तक्रार असते.

६. कर्जासोबतचा विमा

एकरकमी हप्त्याची जीवन विमा पॉलिसी कर्जात मिसळून देतात आणि तिच्यावर वीस वर्षं व्याज जातं. ‘सक्तीचा आहे’ म्हणाले तर तसं लेखी मागा. नको असेल तर पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. किरकोळ कपात होऊन हप्ता परत येतो. सगळ्या परताव्यांत मोठी रक्कम बहुधा हीच, आणि नेमकी तीच मागायची राहते.

७. नकार आल्यावर

नकाराचं कारण लेखी मागा. मग शाखेला अर्ज, त्यावर पोच, आणि त्याच मजकुराचा ईमेल तक्रार निवारण अधिकाऱ्याला. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि गृहवित्त कंपनीविरुद्ध राष्ट्रीय आवास बँकेकडे जायचं. दोन्हीकडे पैसे लागत नाहीत. त्यापुढे पुण्यातला जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी नाही. मात्र मंजुरी मिळाल्यावर आपणच विचार बदलला तर प्रोसेसिंग फी सहसा परत येत नाही. तिथे भांडण्यात वेळ घालवू नये.

८. टोकनची रक्कम

फीपेक्षा मोठी रक्कम टोकनमध्ये अडकते. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. महारेराच्या नमुना वाटपपत्रानुसार १५ दिवसांत बुकिंग रद्द केलं तर कपात नाही, पुढे मुदतीप्रमाणे १ ते २ टक्के. रिसेलला असा कुठलाही आधार नाही. तिथे आपण लिहून घेऊ तेवढंच. भूगाव, भुकूम, पिरंगुटला घर पाहत असाल तर टोकनच्या पावतीवर एक वाक्य मालकांच्या सहीने नक्की घ्या: ‘इमारतीच्या कागदपत्रांमुळे कर्ज नामंजूर झाल्यास संपूर्ण टोकन परत करीन.’ ज्यांचे कागद चोख आहेत ते मालक हे लिहून देतात. जे देत नाहीत, त्यांच्या फ्लॅटसाठी लॉगिन फीसुद्धा भरू नका.