आधी कान लाव

काल फोनवर तू म्हणालीस, "मामा, ड्रायर फिरत नाही, मशीन गेलं बहुतेक." मी विचारलं, आवाज कसला येतो? तर म्हणालीस, ते काही लक्ष दिलं नाही. बाळा, सगळं तिथेच असतं. इचलकरंजीत ३१ वर्षं मी मोटारी भरल्या. मागाच्या, विहिरीवरच्या, पुढे वॉशिंग मशीनच्याही. आमचे वस्ताद आम्हा पोरांना पाना हातात घेऊ द्यायचे नाहीत. मोटारीजवळ उभं करायचे आणि विचारायचे, काय ऐकू येतंय? तेच आता तुला सांगतो.

झाकण लाव, ड्रायरचा टायमर फिरव आणि दोन-तीन सेकंद ऐक. त्याहून जास्त नाही, कारण अडकलेल्या मोटारीत वीज सोडून ठेवली की ती जळते. वार्निशचा करपट वास आला तर लगेच बंद कर.

हूं की चूं नसेल, तर मोटारीपर्यंत वीजच पोचत नाही. शेजारचा धुण्याचा टब चालतो का बघ. तो चालत असेल तर घरची वीज, प्लग सगळं ठीक. दोष ड्रायरचा टायमर, त्याच्या वायरी किंवा झाकणाखालचा स्विच यांतला. पावसाळ्यात मी आधी उंदराचा संशय घेतो. मशीन खालून उघडं असतं, आत कोरडं आणि उबदार. उंदराला आणखी काय पाहिजे? प्लग काढून मागून टॉर्च मार. लेंड्या किंवा वायरीचे कुरतडलेले तुकडे दिसले तर हात न लावता कारागिराला बोलाव, आणि दुरुस्तीनंतर खाली जाळी मारून घे.

झाकणाचा स्विच मात्र नीट समजून घे. झाकण उघडलं की तो मोटारीची वीज तोडतो. झाकण जरा दाबून धरल्यावर ड्रायर सुरू होत असेल, तर स्विचची पट्टी वाकली आहे. ती बदलून घ्यायची. एखादा कारागीर म्हणेल, "ताई, डायरेक्ट करून देतो, पैसेही वाचतील." करू द्यायचं नाही. मी स्वतः एकदा ते केलंय. गिऱ्हाईक घाईत होतं, स्विच मिळत नव्हता, दोन वायरी जोडून दिल्या. महिन्याभरात त्यांच्या धाकट्या मुलीनं फिरत्या टबात हात घातला आणि ओला टॉवेल मनगटाला गुंडाळला गेला. हाड मोडलं. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ही मोटार मिनिटाला १३००-१४०० फेरे घेते, तिथे लहान मुलाच्या हाताचं काय चालणार? प्लास्टरमधला तो हात बघून आलो, त्या दिवसापासून कुणाचाही स्विच मी डायरेक्ट केला नाही.

आता दुसरा आवाज. मोटार 'गूंऽऽ' करते पण टब हलत नाही. म्हणजे वीज पोचली, कुणीतरी अडवून धरलंय. बहुतेक वेळा रुमाल किंवा मोजा. कपड्यांवर ठेवायची प्लॅस्टिकची चकती तू वापरत नाहीस, मला माहीत आहे. मग छोटा कपडा टबाच्या कडेवरून उडून खाली जातो आणि दांड्याला गुंडाळतो. प्लग काढ आणि टॉर्चच्या उजेडात टबाभोवतीच्या फटीत बघ. पाण्याचा पाइपही बघ. बाथरूमच्या उंबऱ्यावर चढलेला किंवा मुडपलेला असेल, तर पाणी खाली साचतं आणि टब त्यातच घुटमळतो.

झाकण उघडं ठेवून टब हातानं फिरवू गेलीस तर घट्टच लागेल. घाबरू नकोस, तो ब्रेक आहे. झाकण लावलं की एक तार ओढली जाते आणि ब्रेक सुटतो. तार सैल झाली किंवा तुटली, तर झाकण लावूनही ब्रेक धरलेलाच राहतो. पुष्कळदा तार ताणून घेतली की काम होतं. कारागिराला हे आधी सांग, नाहीतर तो थेट मोटारीवर जाईल.

यातलं काहीच नसेल तर कपॅसिटर. सुरुवातीचा झटका तोच देतो. तो म्हातारा झाला की मोटार नुसती गुणगुणते. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते, म्हणून तू हात लावायचा नाही. बदलताना जुन्यावरचाच मायक्रोफॅरडचा आकडा पाहिजे. 'जरा मोठा टाकू, जोरात फिरेल' म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस, मोटार तापते. आणि हे सगळं फक्त संध्याकाळीच होत असेल, तर व्होल्टेज बघ. सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं उतरतो. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले, तर जोर साठेक टक्क्यांवर येतो. सकाळी कपडे लाव, प्रश्न मिटला.

धडधड असेल तर मशीनचा दोष नाही. एकटी चादर एका अंगाला बसली आहे. बाहेर काढ, मोकळी कर, गोल पसरून दाबून बसव.

तुझ्या मैत्रिणीचं पूर्ण ऑटोमॅटिक आहे ना, समोरून दार असलेलं? तिला म्हणावं, आतलं पाणी गेलं नाही तर ते जोरात फिरतच नाही. खालच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडून गाळणी साफ करायला सांग. नाणी, केसांच्या पिना निघतील. खाली परात ठेवायला विसरू नको म्हणावं, पाणी बदाबदा येतं.

आज ऑफिसातून आल्यावर टायमर फिरव आणि फोन मशीनजवळ धर. मी इथून ऐकतो.