सार्वजनिक आरोग्य आणि पैशाचा बाजार

सरकारी दवाखाना म्हटला की केसपेपरची रांग, औषधांची खिडकी आणि डॉक्टरांची वाट पाहत बसलेली माणसे डोळ्यांसमोर येतात. विमा, शेअर, कर्जरोखे यांचा त्या रांगेशी काही संबंध असेल, असे सहसा मनात येत नाही. तथापि गेल्या तीन दशकांत हा संबंध दृढ होत गेला आहे. तो कसा जुळला आणि जळगाव-धुळे परिसराच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पार्श्वभूमी

ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ साली मांडले. प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना त्याच अहवालातून रुजली. १९७८ साली आल्मा-आटा येथील परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा पुरस्कार केला. पुढे वारे बदलले. शासनाने निवडक, कमी खर्चात अधिक गुण देणाऱ्या सेवांवर भर द्यावा आणि बाकीच्यांसाठी विमा व खाजगी क्षेत्राला वाव द्यावा, असा विचार जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालाने पुढे आणला. भारतात १९९९ च्या कायद्याने विमा व्यवसाय खाजगी कंपन्यांना खुला झाला आणि २००० पासून रुग्णालयांत शंभर टक्के परकीय गुंतवणुकीची वाट मोकळी झाली.

याच काळात शासनाचा हात मात्र आखडताच राहिला. आरोग्यावरील सरकारी खर्च २०१३-१४ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.१५ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्क्यांपर्यंत आला. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२१-२२ मध्येही देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी सुमारे ३९ टक्के रक्कम लोकांनी स्वतःच्या खिशातून भरली. ही जी पोकळी राहिली, तिच्यात बाजाराने पाऊल ठेवले.

विम्याची वाट : धुळे जिल्हा

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. जळगावसह उर्वरित महाराष्ट्र २०१३ च्या नोव्हेंबरात तिच्यात आला. शासनाने दर कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये हप्ता विमा कंपनीकडे भरावा आणि पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांना दीड लाखापर्यंतचे उपचार विनामूल्य मिळावेत, अशी ती रचना होती. २०१७ पासून ही योजना महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. सर्व शिधापत्रिकाधारकांना पाच लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ साली झाला.

या योजनेने अनेकांचे प्राण वाचविले, हे निःसंशय. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी शेत गहाण टाकण्याची पाळी ज्यांच्यावर आली असती, त्यांना तिचे मोल विचारावे. परंतु तिच्यामुळे शासनाची भूमिका बदलली, हेही लक्षात घेतले पाहिजे. सेवा देणारे शासन आता सेवा विकत घेणारेही झाले. शिवाय योजनेचा पैसा मुख्यतः रुग्ण खाटेवर दाखल झाल्यावर, ठरलेल्या उपचाराच्या ठरलेल्या दराने मिळतो. उपकेंद्रातील परिचारिकेने वेळीच रक्तदाब तपासला आणि पुढचा झटका टळला, तर त्या टळलेल्या झटक्याचे बिल कोणी कोणाला पाठवीत नाही.

भांडवलाची वाट : नाशिक

मोठ्या उपचारासाठी खानदेशातला रुग्ण नाशिक-पुण्याकडे जातो. या दोन्ही शहरांत रुग्णालये असलेल्या सह्याद्री समूहाचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. २०१९ साली तो एव्हरस्टोन या गुंतवणूक संस्थेकडे गेला, २०२२ साली कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीने तो घेतला आणि २०२५ साली मणिपाल समूहाने तो विकत घेत असल्याचे जाहीर केले. यात गैर काही नाही. निधीने शिक्षकांचा पैसा वाढविणे हे त्याचे कर्तव्यच होय. परंतु पैसा वाढवावयाचा तर खाटा भरलेल्या हव्यात. पैसे मोजणारा रुग्ण जिथे आहे, तिथे भांडवल जाते. सातपुड्याच्या पायथ्याशी ते आपणहून येईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

रोख्यांची वाट आणि केळीचा विमा

रावेर-यावलच्या केळी उत्पादकांना हवामानावर आधारित पीकविमा ठाऊक आहे. पारा ठरावीक मर्यादेपलीकडे ठरावीक दिवस राहिला, तरच भरपाई मिळते. एक दिवस कमी पडला, तर बाग होरपळूनही हात रिकामा. हेच तत्त्व जगाच्या आरोग्यालाही लावले गेले. जागतिक बँकेने २०१७ साली साथीच्या रोगांसाठी ३२ कोटी डॉलरचे रोखे काढले. गुंतवणूकदारांना व्याज मिळावे आणि साथ ठरावीक प्रमाणात पसरल्यास त्यांची मुद्दल गरीब देशांना द्यावी, असा करार होता. २०१८ ते २०२० या काळात काँगोमध्ये इबोलाने दोन हजारांवर बळी घेतले. परंतु दुसऱ्या देशात ठरलेल्या संख्येने मृत्यू झाले नाहीत, म्हणून रोख्यांतून काही मिळाले नाही. कोविडच्या वेळीही अटी पूर्ण झाल्यावर, म्हणजे २०२० च्या एप्रिलात, रक्कम मोकळी झाली.

निष्कर्ष

तिन्ही वाटांवर एकच सूत्र दिसते : बाजाराचा पैसा आजार पिकल्यावर येतो. सार्वजनिक आरोग्याचे काम मात्र तो पिकू न देण्याचे आहे. चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांच्या आदिवासी पट्ट्यातील सिकलसेलचे उदाहरण घ्या. त्याची प्राथमिक रक्तचाचणी स्वस्त आहे. गोळ्याही महाग नाहीत. लागते ती गावोगाव वर्षानुवर्षे फिरणारी, पावरी-भिली समजणारी माणसे. २०२३ साली केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम आरंभली. परंतु मोहीम टिकते ती पगारी, कायम कर्मचाऱ्यांवर. आणि त्यांचा पगार कोणताही रोखा देत नाही, तो करातून द्यावा लागतो.

म्हणून विमा नको, असे मात्र कोणी म्हणू नये. ज्याचा आजार पिकला आहे, त्याला तो हवाच. प्रश्न आहे तो क्रमाचा. आधी उपकेंद्र, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, मग जिल्हा रुग्णालय आणि त्यांच्या आधाराला विमा, हा क्रम उलटला तर दवाखान्याची रांग तशीच राहील आणि हप्ते मात्र वाढत जातील. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अंदाजपत्रक वाचताना विम्याच्या हप्त्याचा आकडा आणि आपल्या तालुक्यातील रिक्त पदांचा आकडा शेजारी शेजारी मांडून पाहावा. आरोग्याचे राज्यशास्त्र त्या दोन आकड्यांच्या तुलनेतूनच उलगडू लागेल.