चिंतेवरील उपचार

परीक्षा जवळ आली कीं छातींत धडधड होणें, तळहातांस घाम सुटणें, रात्रीं झोंप न येणें हें थोडेंबहुत सर्वांच्या अनुभवाचें आहे. अशी चिंता उपयोगाचीही असते. तिच्यामुळेंच पुष्कळजण पुस्तक उघडतात. परंतु कारण सरलें तरी भीति सरत नाहीं, आठवड्यांमागून आठवडे तीच मनांत घोळते आणि जेवण, झोंप, शाळा, कामधंदा यांत अडथळा येऊं लागतो, तेव्हां त्यास चिंताविकार म्हणतात. ह्या विकारावर बोलण्यानें उपचार होतो असें सांगितलें तर कांहीं पालक हसतात. एके काळीं आम्हीही हसलों असतों.

आमचा चकलांब्याकडचा भाग ऊसतोडीस जाणाऱ्यांचा. दसरा-दिवाळी झाली कीं कुटुंबेंच्या कुटुंबें कारखान्यांकडे निघतात व मुलें आजीजवळ राहतात. अशाच घरचा एक हुशार मुलगा कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत होता. चांचणीच्या दिवशीं त्याच्या पोटांत कळ येई, श्वास अपुरा पडे, आणि तो घरीं जाण्याची परवानगी मागे. आम्हीं ती दिली. दुसऱ्या वेळींही दिली. घरीं पोहोंचतांच तो बरा होई, म्हणून आपण योग्य तेंच केलें असें आम्हांस वाटे. सहामाही परीक्षेस तो आलाच नाहीं. पुढें तर साध्या दिवशींही शाळेची वाट त्यास धरवेना.

येथें आमची चूक झाली. ज्याची भीति वाटते तें टाळलें कीं तत्काळ हायसें वाटतें. आणि तें हायसें वाटणेंच मनाला शिकवितें कीं धोका खरा होता, आपण पळालों म्हणून वांचलों. पुढच्या खेपेस भीति अधिक जोरानें येते. आमची दया तिला खतपाणी घालीत होती.

अखेर त्यास डॉक्टरांकडे नेलें. रक्त कमी असल्यास किंवा थायरॉईड ग्रंथि बिघडल्यासही धडधड होते, म्हणून तपासणी आधीं केली पाहिजे. तसें कांहीं निघालें नाहीं. मग तो दर आठवड्यास एका समुपदेशिकेकडे जाऊं लागला. तिनें उपदेश केला नाहीं. पेपर हातीं येतांच मनांत काय येतें, एवढेंच विचारलें. मुलगा म्हणाला, “मी नापास झालों तर बाबा तोड सोडून परत येतील, आणि मुकादमाची उचल फिटणार नाहीं.” इतके महिने आम्ही त्यास गणित शिकवीत होतों, हें एक वाक्य आम्हांस ठाऊक नव्हतें!

उचलीची काळजी खोटी नव्हती, आणि बाईंनीं ती खोटी म्हटली नाहीं. एका पेपराच्या गुणांवर उचल फिटते काय, हें मात्र त्यांनीं त्यालाच तपासावयास लाविलें. आजीनें दंडाला बांधलेला काळा दोराही त्यांनीं सोडावयास सांगितला नाहीं. मग पायऱ्या ठरल्या. प्रथम शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गांत बसावयाचें; नंतर दोन सोबत्यांसह दहा मिनिटें लिहावयाचें; मग अर्धा तास. धडधड सुरू झाली तरी उठावयाचें नाहीं. श्वास सावकाश सोडीत ती ओसरेपर्यंत थांबावयाचें. भीतीची लाट चढते तशी उतरते, हें सांगून पटत नाहीं, बसून पटतें. दर रविवारीं आईवडिलांस फोन करण्याचेंही ठरलें. वार्षिक परीक्षेस तो बसला. एका पेपरास हातपाय पुन्हां कापले, पण तो उठला नाहीं.

अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांना तरुणपणीं सभेंत बोलण्याची फार भीति वाटे. मुद्दाम वारंवार भाषणें करून त्यांनीं ती घालविली. प्रसंगापेक्षां प्रसंगाविषयींचा आपला हट्टी समज अधिक छळतो, म्हणून तो तपासावा, ही त्यांची विवेकनिष्ठ पद्धति १९५५ च्या सुमाराची. आपल्याकडे कि. मो. फडके यांनीं ती मराठींत आणली. ठाण्यास १९९० सालीं डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं मानसिक आरोग्याची संस्था काढली.

हें सर्व शहरांतलें, असें कोणी म्हणेल. गोव्यांत ‘संगाथ’ संस्थेच्या पुढाकारानें २४ दवाखान्यांत एक प्रयोग झाला. त्यांपैकीं निम्म्या ठिकाणीं डॉक्टर नसलेल्या, परंतु खास शिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनीं चिंता व नैराश्य यांनीं पीडलेल्यांस मदत केली. सरकारी केंद्रांत अशा ठिकाणचे रोगी अधिक संख्येनें बरे झाले, असें २०१० सालीं प्रसिद्ध झालें. खाजगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. विकार तीव्र असल्यास डॉक्टर औषधही देतात. तें घेण्यांत कमीपणा नाहीं.

आपल्या जिल्ह्यांत अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत मानसोपचाराची सोय आहे. शिवाय ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा रात्रंदिवस व विनामूल्य चालते. तेथें मराठींत बोलतां येतें. तिचा क्रमांक १४४१६ असा आहे, आणि तो उसाच्या फडांतूनही फिरवितां येतो.